आरतीकडे मान वळवणारा उंदीर

मित्रांनो, मी एक जुना उंदीर आहे. कागदाच्या लगद्याचा, गणपतीपुढे बसणारा. माझी मान एका बाजूला वाकडी राहिली आहे. ती कशी, ते सांगतो.

सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये अकरा वर्षांच्या वृंदाने मला घडवलं. डोळ्यांच्या जागी उजेड ओळखणारे दोन बारीक काचमणी, मानेत मोडक्या टेपरेकॉर्डरची मोटर. तिची आई कुमुदताई आरती ओवाळू लागली, की दिवा जाईल तिकडे माझी मान वळे. बायका प्रसाद विसरून मलाच बघत बसत. खोटं कशाला बोलू, त्या वर्षी बाप्पापेक्षा माझाच भाव जास्त होता!

वृंदाचा अविनाशमामा नोएडाला टीव्ही मालिकांचे सेट उभारायचा. तो मला चित्रीकरणाला घेऊन गेला. मालिका थरारक होती. हुशार मुलांना एका गुप्त प्रयोगशाळेत कोंडतात आणि त्यांच्या खेळण्यांपासून शस्त्रं बनवतात. त्यातलं खेळणं मी! शेवटच्या भागात मुलं कुलूप तोडून पळाली, तेव्हा वृंदाने टाळ्या पिटल्या.

उंदीर खरोखर वळतो, हे तिच्या बाबांनी, विश्वासरावांनी, कौतुकाने ऑफिसात सांगितलं. ते संरक्षण खात्याच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होते. तिथले मोठे अधिकारी दीनानाथसाहेब लगेच घरी चहाला आले. टॉर्च लावून त्यांनी माझी मान पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली.

"अच्छा! विश्वास, यार, मुलीला सुट्टीत आमच्या प्रयोगशाळेत पाठव."

बाबांची छाती फुगली. साहेबांना नाही म्हणायची कुणाची टाप होती? आई तेवढी हळूच म्हणाली, "अहो, लहान आहे ती." पण लक्षात कोण घेतो!

सुट्टी संपवून वृंदा परतली. गणपतीत आईने आरती ओवाळायला घेतली आणि माझी मान तिच्याकडे वळली. वृंदा किंचाळली, "आई, दिवा विझव! तो तुझ्याकडे येईल!"

आरती थांबली. आईने तिला जवळ घेतलं. "काय झालं, बाळा?"

"साहेबांनी तिथे माझ्या उंदरासारखाच एक मोठा उंदीर बनवलाय. त्याला आता गरम वस्तू कळते. आत बारूद भरणार आहेत. मी विचारलं, कुणाच्या घरी चूल पेटली असली तर? साहेब म्हणाले, बिल्कुल, तिकडेही जाईल. आणि मला चॉकलेट दिलं."

विश्वासराव खाली मान घालून बसले. वृंदाने पेचकस आणून माझी मोटर उपटून काढली. आईकडे वळलेली माझी मान तशीच वाकडी राहिली. पण साहेबांकडे राहिलेला तो मोठा उंदीर तिला कसा मोडता येणार होता?

त्यानंतर तिने काहीच बनवलं नाही. घरातला पंखा कुणी दुरुस्तीला उघडला, तरी ती उठून बाहेर जाते. मला अजून गणपतीपुढे बसवतात, पण आरतीच्या वेळी माझं तोंड भिंतीकडे असतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी 'आम्हाला जपा' असं म्हणतात. मला माळ्यावर टाकलंत तरी चालेल. तुमच्या धाकट्या बहिणीने काही बनवलं, तर तिचं कौतुक जरूर करा. पण कुणी साहेब टॉर्च घेऊन ते बघायला आले, तर मोठ्यांदा नाही म्हणा. आमच्या घरात आई तेवढी बोलली होती, आणि तीही हळूच.