औरादवाल्यांचं गाव

आमच्या लेकीचं, शिल्पाचं लग्न ठरलं आणि आईनं नवीनच काढलं. "दयानंद, माझ्या माहेरचं एक तरी माणूस मांडवात पायजे." आता सत्तरी ओलांडलेल्या बाईला माहेर आणायचं कुठून? तिचे वडील निटूरला सालगडी होते. ती रांगत होती तेव्हा ते साप चावून गेले, मागोमाग तिची आईही. शेजाऱ्यांनी तिला वाढवलं. वडिलांचं नावसुद्धा तिला माहीत नाही. निटूरच्या लोकांनी सांगितलं ते एवढंच, की त्यांना औरादवाले म्हणायचे.

मी लातूरला डाळ मिलमध्ये कामाला, सुट्टी मिळायची मारामार. तरी दोन रविवार औरादला घातले. दिसेल त्याला विचारलं, "तुमच्याकडं औरादवाले म्हणून कोणी होते का?" हॉटेलवाला म्हणाला, "हितं सगळेच औरादवाले हायत की!" लोक पोट धरून हसले. मी चिडलो, पण अक्कल माझीच शेण खायला गेली होती. लातुरात जाऊन कोणी लातूरकर शोधतो का?

अखेर नव्वदीचे अमृतराव भेटले. त्यांच्या शेतावर पूर्वी सालगडी असत. साप चावल्याचं ऐकून ते सावरून बसले. "आरं, पाडव्याला साल संपलं की गडी दुसऱ्या गावाला जायचा. जाईल तिथं मागच्या गावाचं नाव चिकटायचं. गड्याला नाव इचारतंय कोण? निटूरला जाऊन मेला त्यो आमच्याकडं हणेगाव्या होता. लई गुणी माणूस."

मला आनंद झाला आणि रागही आला. दोन गावांत राबलेल्या माणसाला कोणी त्याच्या नावानं हाक मारली नव्हती.

पुढच्या रविवारी आईला घेऊन देगलूरकडचं हणेगाव गाठलं. विचारत विचारत केवळाबाई नावाच्या म्हातारीच्या दारात पोचलो. ती उंबऱ्यावर बसली होती. मी सगळं सांगितलं.

"औरादला सालानं गेलेला? आमच्या मामंजींचा धाकटा भाऊ की. गुरुलिंग."

"हितं त्यांना काय म्हणायचे?" आईनं विचारलं.

"काय म्हणायचे मंजी? गुरुलिंगच. आपल्याच गावात माणसाला गावाचं नाव कोण ठेवतंय? सासूबाई मरंपर्यंत त्येची आठवण काढायच्या." मग तिनं आईला निरखून पाहिलं. "अन् तू त्येची लेक? मंजी माझी नणंद! बाई बाई, नणंदेचा जाच चुकला म्हणून जन्मभर खुशीत होते, आली बघा शेवटी!"

मला वाटलं, आई आता रडणार. ती रडली नाही. तिनं पदर खोचला, ऐटीत उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा माहेरच्या माणसावर हुकूम सोडला.

"मग बघत काय बसलीस, वैनी? पाय धुवायला पाणी आण."