बॅटरीवर जळणारा धोंडा

मी एक धोंडा आहे. हसा, हसा! धोंड्याला कसलं आलंय आत्मवृत्त, असंच म्हणताय ना? पण जळण्यापुरतं मन धोंड्यालाही असतं. मी एका बॅटरीवर आजही जळतो आणि ते उघड सांगतो.

माझा जन्म रानशेतच्या ओहोळात. पाण्यानं घासून घासून माझी एक बाजू चपटी केली आणि दुसरी तिरकी. ती तिरकी बाजू बघूनच सदूनं मला उचललं. सदूकडे एक जुना डिझेल ट्रक होता, छोटाच. पाड्यावरची मिरची भरून तो वाणगावला न्यायचा. थंडी पडली की इंजिन असं आखडायचं, की सेल्फ मारून मारून सदूचं मनगट दुखायचं, पण गाडी ढिम्म! म्हणून तो ट्रक घराजवळच्या उतारावर तोंड खाली करून लावायचा. हँडब्रेकचा काही भरवसा नव्हता. पुढच्या चाकाखाली मी असायचो. ड्रायव्हर लोक अशा धोंड्याला उटी म्हणतात.

पहाटे सदू आत बसून ब्रेक दाबायचा आणि ओरडायचा, "सोड गं!" मग त्याची बायको हिरकणी डोक्यावरून पदर ओढून यायची आणि मला टाचेनं एक लाथ हाणायची. मी बाजूला. ट्रक उतारावरून सुटायचा, सदू गिअर टाकून क्लच सोडायचा, की भडभड करत इंजिन जागं! हिरकणी मला उचलून कडेला ठेवायची आणि म्हणायची, "झालं बाबा तुझं काम." एवढी मानाची लाथ अख्ख्या पाड्यात कुणाला मिळत नव्हती.

तेव्हाही थोडा जळायचोच म्हणा. ताडपत्री वाणगावला जायची, आरशाला बांधलेलं लिंबूसुद्धा जायचं. माझ्यामुळे गाडी सुटायची आणि मागे राहायचो मीच.

मग गाडी सदूचा मुलगा नविन चालवायला लागला. तो म्हणाला, "आईला थंडीत कशाला उठवायचं? नवी बॅटरी टाकू." आली ती! काळी, गुळगुळीत, डोक्यावर लाल टोपी. हिरकणीनं तिला हळद-कुंकू लावलं. धोंड्याचा देव व्हायला बोटभर शेंदूर पुरतो हो, पण मला तेवढाही कधी लावला नाही!

बया एका चावीत गाडी सुरू करायची. ट्रक आता दारात, सपाटीवर उभा राहू लागला. मला ठेवलं कोंबड्यांच्या खुराड्याच्या झाकणावर. गाडी निघून जायची, हिरकणी झोपलेली असायची, आणि मी वर बसून कोंबड्यांची कुरकुर ऐकायचो. "मर मेले," मी रोज त्या बॅटरीला म्हणायचो.

आणि पौषातल्या एका गारठलेल्या पहाटे ती मेलीच!

नविननं चावी फिरवली. कट्. पुन्हा फिरवली. कट्. अंगणात मिरचीच्या गोण्या रचलेल्या. वाणगावहून व्यापाऱ्याची गाडी उजाडताच निघणार होती. ती चुकली तर सगळ्या पाड्याची मिरची सडणार. नविननं बॅटरीच्या वायरी घट्ट केल्या. सदूनं त्यांच्या तोंडावर गरम पाणी ओतलं, मग हातपंप दाबून डिझेलमधली हवा काढली. काही उपयोग नाही. हेडलाइट लावला, तर काजव्याएवढा उजेड. "हिच्यात जीवच नाही रे," सदू म्हणाला. बाकीच्यांचे चेहरे उतरले. मला मात्र फार बरं वाटलं.

आता गाडी उतारावर न्यायची, तर मध्ये चढ. शेजारचे देवजी आणि लाहू ढकलायला आले. गाडी हातभर वर जायची आणि परत मागे यायची. देवजीचा पाय चाकाखाली येता येता वाचला. सदू ओरडला, "अगं, आपला धोंडा कुठाय? आण लवकर!"

आपला! ऐकलंत? हिरकणीनं मला खुराड्यावरून उचललं. कोंबड्या सुटल्या त्या सुटल्या! ढकललं की मी मागच्या चाकाखाली, दम घेतला की परत ढकला. अख्खा ट्रक माझ्या अंगावर रेलत होता, पण मी तसूभर हललो नाही. उताराच्या तोंडाशी मला पुढच्या चाकाखाली घातलं आणि गोण्या चढवल्या. मग तीच हाक, "सोड गं!" आणि तीच लाथ! काय सांगू, अंग शहारलं.

इंजिन भडभडलं. उताराखाली नविननं गाडी थांबवली, तेव्हा सदू म्हणाला, "त्यालाही दे आत. वाटेत बंद पडली तर?" हिरकणीनं मला नेऊन केबिनमध्ये ठेवलं. बॅटरी बाहेरच्या पेटीत धूळ खात होती आणि मी आत, नविनच्या पायाशी! जळ म्हटलं.

मिरची वेळेवर पोचली. मग नविननं गाडी तिथल्याच, वाणगावच्या गॅरेजच्या चढावर लावली आणि मला मागच्या चाकाखाली सरकवलं. मिथुन मेकॅनिकनं बॉनेट उघडून बघितलं. "बॅटरी चांगली आहे रे. पट्टा ढिला झालाय, म्हणून चार्जच होत नव्हती." म्हणजे बयेची चूकही नव्हती! माझं तोंड एवढंसं झालं. त्यानं पट्टा आवळला, बॅटरी चार्ज करून दिली. नविननं चावी फिरवली. गाडी लगेच सुरू झाली आणि पुढे निघून गेली. मी चाकाच्या मागे होतो, त्यामुळे मला काढायला कुणी उतरलंच नाही.

तेव्हापासून मी इथंच आहे. मिळेल त्या चाकाखाली जातो. ती भडभड रोज रस्त्यावरून जाते, मी लगेच ओळखतो. आधी ती बया रोज वाणगावला येते म्हणून जळायचो. आता ती रोज रानशेतला परत जाते म्हणून जळतो.

तुमच्यापैकी कुणी तिकडे जाणार असेल, तर हिरकणीला एवढं सांगा. म्हणावं, तुझ्याकडे माझी एक लाथ बाकी आहे.