खाडा

"यांना आधी का नाही आणलंत?" तपासणीची फिल्म खिडकीच्या उजेडाला धरत डॉक्टरांनी विचारलं.

प्रश्न कुलूपवाल्याला होता. रस्त्याच्या कडेला बसून किल्ल्या घासायच्या, लोकांची अडलेली दारं उघडून द्यायची, हे त्याचं काम. उत्तर त्याच्या बायकोने दिलं.

"जिने कोण पुसणार होतं?"

डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवली. गाठ आता हाताबाहेर गेली आहे, हे त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही.

दवाखान्याची चिठ्ठी सकाळीच मिळायची आणि जिनेही सकाळीच पुसायचे असत. एक खाडा झाला की दारात दुसरी बाई उभीच. गाठ पहिल्यांदा हाताला लागली तेव्हा ती म्हणाली होती, "जाईन सवडीने." सवड काही मिळाली नाही.

ती गेली. जिने शेजारच्या खोलीतल्या बाईकडे आले. ही शेजारीण त्याच्या बायकोला ताई म्हणायची आणि त्याला भावजी. तोंडाने फटकळ, पण तो जेवला की नाही हे रोज भिंतीपलीकडून ओरडून विचारणारी.

एका संध्याकाळी नळावर शेजारणीने भरलेली बादली एकट्या उजव्या हाताने उचलली. डावा हात अंगाशी घट्ट धरला होता. कुलूपवाल्याची घागर भरून वाहू लागली तरी त्याने ती हलवली नाही. त्याची बायकोही शेवटी शेवटी अशीच बादली उचलायची.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"काय कधीपासून?"

"ताईसारखं करू नकोस."

शेजारीण नळाकडे बघत राहिली. "जाईन सवडीने."

"उद्याच जा. जिने मी पुसतो."

"तुम्ही? भावजी, तुम्हाला स्वतःची ताटली धड धुता येत नाही. माझं काम घालवाल."

"घालवलं तर शिव्या दे. पण त्या द्यायला तू हवीस ना."

सकाळी दुकान न मांडता, बायकोची बादली घेऊन तो गेला. खालच्या पायरीपासून जोर लावून पुसत पुसत वर चढला. गच्चीच्या दाराशी पोचल्यावर त्याच्या लक्षात आलं की उतरायला दुसरी वाट नाही. उतरताना प्रत्येक ओल्या पायरीवर त्याचं पाऊल उमटत गेलं.

मधल्या मजल्यावरचं दार उघडलं. घरमालकीणबाईंनी आधी पावलं पाहिली, मग त्याला.

"आज बाई कुठंय?"

"दवाखान्यात."

"आणि तुम्ही कोण?"

"तिच्या जागी आलोय."

त्याने फडकं मुठीत धरून ठेवलं. आता या नको म्हणाल्या, तर शेजारणीचं काम त्याच्या पायांनीच गेलं असतं.

"वरून खाली पुसतात," बाई म्हणाल्या. "आणि कोपरे सोडू नका."

दार लागलं. तो बादली घेऊन पुन्हा वर चढला.

उतरत उतरत तो पहिल्या मजल्यावर आला, तेव्हा खालून शेजारीण येताना दिसली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"लहान आहे म्हणाले. सुई घालून तपासायचंय. गुरुवारी परत बोलावलंय." कठड्याला धरून तिने दम घेतला. "वेळेवर आलात, म्हणाले डॉक्टर."

कुलूपवाल्याने फडकं पिळलं. त्यातलं पाणी केव्हाच निथळलं होतं, तरी परत पिळलं.

ती बादली घ्यायला वाकली. त्याने पायाने बादली मागे सारली.

"गुरुवारी पण जा."

"ते तर झालंच. पण समोरच्या इमारतीतली भांडीवाली भेटली वाटेत. किती दिवस झाले, तिचा खोकला हटत नाहीये. विचारत होती."

"काय?"

"भावजींना भांडी घासता येतात का."

त्याने बादली जवळ ओढली.

"आज ताटलीपासून सुरुवात करतो म्हणावं."

ती हसली आणि वरच्या वाळलेल्या पायरीवर टेकली. त्याने फडकं पाण्यात बुडवलं. खालचा जिना अजून पुसायचा राहिला होता.