झेंड्याखालचं शेण

शिरीष देवधरांनी जन्मात कधी तांदूळ निवडला नव्हता, पण शेण मात्र अगदी निगुतीनं निवडलं. परदेशात अल्बनीला राहणाऱ्या लेकीच्या, वल्लरीच्या, नव्या घराची वास्तुशांत रविवारी होती आणि होमाला खऱ्या गोवऱ्याच हव्यात, हा स्नेहलताचा हट्ट. हट्ट धरणारी बायको गेल्या वर्षी गेली, हट्ट तेवढा नवऱ्याच्या गळ्यात राहिला.

म्हणून गुरुवारी ते वल्लरीबरोबर तिच्या कामाच्या फार्मवर गेले. ती दुसऱ्या टोकाला गुंतलेली. इथं गवतात सहा निळे झेंडे रोवलेले आणि प्रत्येकाखाली ताजं शेण. पोरीनं आपल्यासाठीच राखून ठेवलंय, असं समजून त्यांनी बादली भरली. घरी कालवताना काळे किडे निघाले, ते वेचून कुंपणाशी टाकले आणि झकास गोवऱ्या थापल्या.

शुक्रवारी दुपारी वल्लरी घरी आली ती थेट परसात.

"बाबा, झेंड्याखालचं शेण तू आणलंस?"

त्यांनी कौतुकानं गोवऱ्या दाखवल्या. ती पायरीवर बसली.

"त्यातले शेणकिडे आम्ही दोन वर्षांपूर्वी सोडले होते, शेण मातीत मुरवायला. अख्ख्या कुरणात फक्त त्या सहा ठिकाणी दिसले. उद्या मालकाला जिवंत दाखवले नाहीत तर तो ट्रायल बंद करणार."

"मला वाटलं, घाण आहे. वेचून कुंपणाशी टाकले."

"सगळ्यांना तसंच वाटतं. जुन्या काळातली अजस्र जनावरं संपली ना, तेव्हा त्यांच्या शेणावर जगणारे किडेही गेले असणार. जनावरांची हाडं म्युझियममध्ये आहेत. यांची कुणी चौकशीसुद्धा केली नाही."

शिरीषरावांनी कुंपणाकडं पाहिलं. स्नेहलता गेल्यावर माणसं रीघ लावून आली, तिच्याबद्दल भरभरून बोलली. मागं राहिलेला काय खातो, हे कुणी विचारलं नव्हतं. वल्लरीनंही नाही. त्याचं त्यांना वाईट वाटत होतं आणि आज पहिल्यांदा रागही आला. पण त्या किड्यांना उपाशी फेकलं होतं त्यांनीच.

ते उठले. अर्धवट सुकलेल्या गोवऱ्या पाण्यात कुस्करून त्यांनी पुन्हा मऊ केल्या आणि कुंपणाच्या कडेनं सहा ढीग घातले.

"आणि होम?"

"करवंट्यांवर करू. तुझ्या आईला मी समजावतो."

शनिवारी उजाडताच दोघं परसात गेली. पहिला ढीग रिकामा. दुसरा, तिसराही. शिरीषरावांनी चौथा उचलला तर खाली माती भुसभुशीत झालेली आणि तिच्यात काळं काहीतरी वळवळत होतं. वल्लरी गुडघ्यांवर बसून डब्यात एकेक भरू लागली.

"सात," ती म्हणाली.

"आठ. हा बघ, माझ्या चपलेपाशी."

तिनं आठवा उचलून झाकण लावलं. गाडीची किल्ली काढली, दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"बाबा, काल रात्री तू जेवलास का?"

"नाही," ते म्हणाले.

वल्लरीनं डबा स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला आणि पोह्यांची बरणी काढली.