जोडी नंबर अकरा

सलूनवाल्याने त्या कागदावर सही केली ती निव्वळ घाईत. खुर्चीत गिऱ्हाईक अर्धं साबणात, एका हातात वस्तरा, आणि शेजारी तेरा वर्षांची लेक फॉर्म नाचवत उभी. "बाबा, फक्त इथे. एकच सही." सही झाली, दाढी झाली, गिऱ्हाईक उठून गेलं, आणि मग त्याने चष्मा लावून कागद वाचला. वाचला आणि त्याचा तिळपापड झाला.

दर बुधवारी शाळा सुटल्यावर टाकीकडची वीस मुलं आणि गिरणीकडची वीस मुलं जुन्या पोस्टाच्या हॉलमध्ये एकत्र बसणार होती. एकमेकांना समजून घेण्यासाठी, असं वर लिहिलं होतं.

"समजून काय घ्यायचंय? मला सगळं समजलेलं आहे!" तो ओरडला.

समजलेलं एवढंच होतं की पाण्याच्या टाकीभोवती राहतात ते आपले आणि जुन्या गिरणीभोवती राहतात ते त्यांचे. मधे कालवा. वीस-बावीस वर्षांपूर्वी दोन्हीकडची डोकी फुटली होती, दुकानं जळली होती. आता कोणी कोणाला दगड मारत नव्हतं, पण पलीकडून कोणी साधी खिळ्यांची पुडीही आणत नव्हतं. सलूनवाल्याच्या खुर्चीत आजवर गिरणीकडचं एकही डोकं टेकलं नव्हतं आणि हे तो छाती फुगवून सांगत असे.

"सही केलीत ना?" बायको आतून म्हणाली. "मग आता गप्प बसा."

तो गप्प बसला. म्हणजे त्याला जमेल तितका.

पहिल्या बुधवारी लेक गळ्यात पुठ्ठ्याचं कार्ड अडकवून आली. कार्डावर लिहिलं होतं 'मुंगी'. तिथे खरं नाव सांगायचं नाही असा नियम होता, कारण या गावात नाव सांगितलं की माणूस कुठला ते कळतं आणि मग पुढचं कोणी ऐकतच नाही. पत्ता सांगायचा नाही, शाळा सांगायची नाही, बापाचा धंदा सांगायचा नाही. एक टाकीकडचं पोर, एक गिरणीकडचं पोर, अशा जोड्या लावल्या होत्या. मुंगीची जोडी नंबर अकरा, आणि जोडीदारीण चष्मेवाली, तिचं नाव घुबड.

"स्वतःला घुबड कोण म्हणवून घेतं?" सलूनवाला म्हणाला. "असले हे लोक."

"तिनेच निवडलं. खूप हसवते ती, बाबा."

त्यानंतर दर बुधवारी रात्रीच्या जेवणाला घुबडाच्या बातम्या असायच्या. घुबडाला गणितात शंभरापैकी अकरा पडले. तिचे बाबा ओरडले नाहीत. पुस्तक घेऊन स्वतःच गणितं सोडवायला बसले आणि त्यांचीही सगळी चुकली. मग दोघं पोट धरून हसले.

"गिरणीकडचा असून बरा दिसतो," सलूनवाला म्हणाला.

पुढे कळलं की घुबडाचे बाबा काम करताना बेसूर गुणगुणतात, आणि टॉवेलाची चौघडी केलेली पाहिली की त्यांचं डोकं फिरतं. टॉवेल तीन घड्यांचाच हवा. सलूनवाल्याने ताटावरून मान वर केली. टॉवेल तीन घड्यांचाच असतो हे तो बायकोला लग्नापासून सांगत आला होता. "हा माणूस अक्कलवान आहे," तो म्हणाला, आणि बायकोने कपाळावर हात मारला.

चार महिन्यांत माणूस किती बदलावा? एकदा खुर्चीतलं एक गिऱ्हाईक सवयीने म्हणालं की गिरणीकडचे सगळे मेले एकजात लबाड. सलूनवाल्याची कात्री थांबली.

"सगळ्यांना ओळखतोस का तू? मी एकाला ओळखतो. सोन्यासारखा माणूस आहे."

"कधी भेटलास?"

"भेटायलाच हवं का?"

गिऱ्हाईक अर्ध्या डोक्यानिशी उठता येईना म्हणून तेवढं बसून राहिलं, पण जाताना टोमणा मारून गेलंच. "गिरणीकडच्याला मिठी मारशील रे तू. मिशीवाल्याशी आधी बोलून दाखव!"

ते मात्र झोंबलं. मिशीवाला म्हणजे त्याचा जुना भागीदार, टाकीकडचाच. दोघांचं मिळून बाजारात एक सलून होतं. दोन खुर्च्या होत्या, त्यांतली एक खिडकीजवळची, आणि चौदा वर्षांपूर्वी त्या एका खुर्चीवरून शब्दाने शब्द वाढत गेला. मिशीवाला म्हणाला, तुझा हात थरथरतो, तुला उजेड लागतो, घे ती खुर्ची. ते गिऱ्हाइकांदेखत म्हणाला. झालं, तिथेच सगळं मोडलं. एकाने टाकीच्या या टोकाला दुकान थाटलं, दुसऱ्याने त्या टोकाला, आणि तेव्हापासून एकमेकांची सावली दिसली तरी दोघं गल्ली बदलत. कोणाला मुलं किती, हेही कोणी कोणाचं विचारलं नव्हतं.

समारोपाच्या आदल्या दिवशी मुंगी बापाच्या पुढ्यात येऊन बसली.

"उद्या स्टेजवर आम्ही खरी नावं सांगणार. मग दोघींच्या घरच्यांनी हात मिळवायचा. ज्यांच्या घरचे मिळवणार नाहीत त्यांना पुढच्या वर्षी घेत नाहीत. मिळवाल ना, बाबा?"

"मिळवीन."

"ऐन वेळी फिरायचं नाही हं. मला ती हवीये, बाबा. तिच्याइतकी मैत्रीण मला कधी झाली नव्हती."

तिचा आवाज बारीक झाला. "जो कोणी येईल त्याच्याशी मिळवीन," तो म्हणाला. "शब्द दिला."

दुसऱ्या दिवशी हॉल खच्चून भरला होता. डावीकडे टाकीकडचे, उजवीकडे गिरणीकडचे, आणि मधल्या वाटेत कोणी पाय ठेवत नव्हतं. पहिल्या रांगेत शिक्षण खात्याच्या साहेब बाई वही उघडून बसल्या होत्या. सलूनवाला इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. सकाळपासून त्याने तीन गिऱ्हाइकांशी हात मिळवायचा सराव केला होता. तेवढ्यात त्याला चौथ्या रांगेत ती मिशी दिसली.

"हा इथे कशाला तडमडला?"

"अहो, त्याचंही पोर असेल," बायको म्हणाली. "समोर बघा."

जोड्या एकेक करून वर जात होत्या. कुठे आया रडल्या, कुठे एका बापाने हात मिळवून लगेच रुमालाने पुसला, पण मिळवला. मग हे बुधवार चालवणाऱ्या चित्रकलेच्या बाईंनी अकरा नंबर पुकारला. ही बाईंची लाडकी जोडी होती, सगळ्यांत छान गट्टी जमलेली.

मुंगीने खरं नाव सांगितलं. "मी टाकीकडची," ती म्हणाली.

घुबडाने चष्मा वर सरकवला. "मी... मीपण."

हॉलमध्ये आधी कुजबुज झाली, मग खसखस पिकली. बाईंनी यादी काढली आणि त्या लाल झाल्या. घुबडाची शाळा कालव्याच्या गिरणीकडच्या काठावर होती, पण तिथे पोरं येतात ती सगळी छोट्या पुलावरून, टाकीकडून. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. बाई मात्र परगावच्या. त्यांनी नकाशा पाहून यादी केली होती.

"म्हणजे तू आमच्यातलीच?" मुंगी म्हणाली. एवढी निराशा तिच्या चेहऱ्यावर बापाने कधी पाहिली नव्हती. "आणि मी चार महिने तुझ्याशी इतकं जपून बोलत होते!"

"मीपण! किती दमले मी!" घुबड म्हणाली, आणि दोघी एकदम फुटल्या. हसता हसता एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

बाईंनी घाम पुसला. "असू दे. पालकांनी वर यावं."

सलूनवाला डावीकडच्या पायऱ्यांनी चढला. उजवीकडच्या पायऱ्यांनी मिशी चढून आली.

दोघांचे हात एकाच वेळी पाठीमागे गेले.

"बाई, ही जोडी चुकलीय," सलूनवाला म्हणाला. "रद्द करा."

"याचं बरोबर आहे," मिशीवाला म्हणाला. चौदा वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

"बाबा, तुम्ही शब्द दिला होता," मुंगी म्हणाली. तिचं हसू विझलं होतं. "जो कोणी येईल त्याच्याशी, म्हणालात."

"गिरणीकडच्याशी म्हणालो होतो मी! याच्याशी नव्हे!"

हे वाक्य माइकमधून साऱ्या हॉलभर गेलं. उजवीकडून एक म्हातारा ओरडला, "मग आमच्याकडे या की! आम्ही मोकळेच आहोत!" आणि गंमत अशी की दोन्हीकडची माणसं एकाच वेळी हसली. साहेब बाईंनीही वही मिटली. फक्त दोन पोरी हसत नव्हत्या. त्यांनी एकमेकींचे हात घट्ट धरले होते आणि घुबडाच्या चष्म्याआडून पाणी ओघळत होतं.

सलूनवाल्याला ती पोर दिसली. गणितात अकरा मार्क मिळवून बापासोबत हसणारी ती हीच. मग त्याच्या ध्यानात आलं, की तो सोन्यासारखा, अक्कलवान माणूस, ज्याच्यासाठी त्याने आपली गिऱ्हाइकं दुखावली, तो समोर मिशी घेऊन उभा आहे. चार महिने आपण याचेच गोडवे गात होतो! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी हायसंही वाटलं.

"लेकीच्या तापात तीन दिवस दुकान बंद ठेवून बसला होता," मिशीवाला पुटपुटला, "तो मुंगीचा बाप... तू?"

"मग काय करणार? तापलेल्या पोरीला टाकून जाऊ?"

"मी घरी म्हणालो होतो, बाप असावा तर असा." मिशीवाल्याने नजर फिरवली. "माहीत असतं तर म्हणालो नसतो."

सलूनवाल्याने हात पुढे केला. तो खरंच थरथरत होता. मिशीवाल्याने तो पाहिला आणि दोन्ही हातांनी धरला.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. पोरी बाईंना धरून बसल्या, की पुढच्या वर्षी आम्हा दोघींना मिळून एक खरी गिरणीकडची हवी, नकाशा न बघता दिलेली. बाई हो हो म्हणत होत्या. इकडे दोघांचे हात अजून सुटले नव्हते. सगळ्या गावासमोर ते कसे सोडायचे, हे दोघांनाही कळेना. मिशीवाला हळूच मान तिरकी करून त्याच्या मानेकडे पाहू लागला.

"मागून फार वेडेवाकडे कापलेत रे. कोण कापतं?"

"मीच. दोन आरसे लावून." पलीकडे जायचं नाही आणि याच्या दारात तर मुळीच नाही, म्हटल्यावर दुसरं काय करणार होता? "आणि तुझे?"

"बायको."

"दिसतंय."

मिशीवाल्याने एक हात सोडवून स्वतःची मान चाचपली.

"सोमवारी बंद असतं माझं," सलूनवाला म्हणाला. "सकाळी ये. आधी तुझे कापतो, मग तू माझे काप."

"येतो," मिशीवाला म्हणाला. "पण कात्री माझी आणीन. तुझ्या कात्रीला कधी धार नव्हती."