मागचे दोन दिवे

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. गाडीत ड्रायव्हरच्या कपाळासमोर लटकतो आणि मागचं दाखवतो, तो. पण माझी हकिगत सांगण्याआधी माझ्या मालकांना त्या दिवशी काय मिळणार होतं ते सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. मिळणार होता एक झेंडा. लाल कापडाचा, हातरुमालाएवढा, कडेची शिवण उसवलेला. फुकट दिला तरी कुणी गाडी पुसायला घेणार नाही असा. पण डोंगरदऱ्यांत गाड्या घेऊन हिंडणाऱ्यांच्या त्या टोळक्यात झेंडा ज्याच्या गाडीवर, तो पुढे. तो थांबला की सगळे थांबणार, तो वळला की सगळे वळणार. माझे मालक औषधांचं दुकान चालवत. दिवसभर दुसऱ्यानं लिहिलेल्या चिठ्ठीप्रमाणे गोळ्या काढून द्यायच्या. आपल्या मनानं कुणाला काही सांगायची सोय नाही. अशा माणसाला झेंड्याची भूक किती असते, ते तुम्हाला मोठे झालात की कळेल.

माझा जन्म कारखान्यातला. काचेच्या पाठीला चकाकी चढवली, लांबट चौकटीत बसवलं आणि तपासणाऱ्या बाईनं मला उजेडात धरलं. तिनं माझ्यात बघून स्वतःचे केस नीट केले आणि मला पास करून टाकलं. त्यानंतर मी एका इंजिनिअरच्या जीपमध्ये लागलो. त्यालाही मित्रांबरोबर रानोमाळ गाड्या घालायचा नाद होता. एका संध्याकाळी उतारावर धुकं उतरलं. आमच्या मागे एकच गाडी होती, शेवटची. तिचे दोन गोल पिवळे दिवे माझ्यात दिसत होते. इंजिनिअरनं वर पाहिलं, "येतोय की तो," म्हणाला आणि पुढच्यांना गाठायला न थांबता निघाला. सगळे मुक्कामावर पोचले. ती गाडी पोचली नाही. पुष्कळ शोधली. ना गाडी सापडली, ना गाडीवाला.

आरशाचं काम दाखवायचं आणि लगेच विसरायचं. मी किती गाड्या विसरलो त्याची गणती नाही. तेवढी एक विसरता आली नाही. मागे कुणी नसलं, रस्ता मोकळा असला, की माझ्यात ते दोन पिवळे दिवे लागायचे. जवळ येत नसत, दूर जात नसत. इंजिनिअरनं मला बाहीनं पुसलं, स्पिरिटनं पुसलं, शेवटी स्क्रू काढून भंगारवाल्याला दिलं आणि तो सांगेल तो भाव घेतला. भंगारवालाच जरा घाबरला. घासाघीस न करणारं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं नव्हतं.

भंगारात बरीच वर्षं मी आभाळाकडे तोंड करून पडलो होतो. तिथून मला आमच्या औषधवाल्यांनी उचललं. दुकानातल्या कापसानं हळुवार पुसलं आणि बायकोला म्हणाले, "बघ, एक तडा नाही. नव्यात असली काच येते का?" मित्रांनो, कौतुक मलाही आवडतं. शहरात माझ्या मागे सदा गर्दी असायची, त्यामुळे ते दिवे दिसलेच नाहीत. मला वाटलं, गेले असतील.

मग ती सहल आली. गाड्या तीनच. पुढे कॅप्टन. त्याचं फर्निचरचं दुकान. सैन्य त्यानं लांबूनसुद्धा पाहिलेलं नव्हतं, पण खाकी टोपी घालायचा म्हणून कॅप्टन. मध्ये आम्ही, मालक आणि मालकीणबाई. शेवटी मालकांची थोरली बहीण ताई आणि तिचे यजमान दाजी. दाजींचा छापखाना होता आणि झेंड्यावर त्यांचाही डोळा होता.

सकाळी पेट्रोल पंपावर कॅप्टननं सगळ्यांना गोळा करून नियम सांगितले. "मागच्याची जबाबदारी पुढच्याची. फाटा आला, ओढा ओलांडला, की थांबायचं. मागची गाडी डोळ्यांनी बघायची, त्यानं हात वर केला की मगच निघायचं. दिवे दिवसाही चालू. धुळीत एकमेकांना चिकटायचं नाही. गाडी अडकली तर एकट्यानं खाली हात-पाय घालायचे नाहीत, आम्ही येईपर्यंत बसून राहायचं. आणि कुणी पिकातून गाडी घातली तर मी ओळख दाखवणार नाही."

"आणि रिकाम्या बाटल्या?" ताईनं विचारलं.

"ज्याच्या त्याच्या गाडीतून परत. मागच्या वेळच्या अजून माझ्या डिकीत आहेत. कुणाच्या, ते मी बोलत नाही," असं म्हणत त्यानं दाजींकडेच पाहिलं.

"बाटल्या सोड रे, झेंड्याचं बोल," दाजी म्हणाले.

"माझे गुडघे आता क्लच दाबायला नाही म्हणतात. आज उन्हं उतरायच्या आत जो माझ्याबरोबर पठारावर पोचेल, पुढच्या वेळी झेंडा त्याचा."

झालं! ज्या तोंडानं नियम सांगितले, त्याच तोंडानं त्यानं ते मोडायला कारणही देऊन टाकलं.

"मेहुणेबुवा, आरशात बघत चला," दाजी गाडीत बसता बसता म्हणाले. "कधी पुढे निघून जाईन, कळायचं नाही."

"आधी तो दिवा बदला दाजी. एक पांढरा, एक पिवळा. गाडी आहे की मांजर?"

ताई सगळ्यांत मोठ्यानं हसली. तिचं ते हसणं मी नीट पाहून ठेवलं, कारण माझ्यात ते पुन्हा दिसलं नाही.

दुपार कलता कलता एक कोरडा ओढा आला. तळाशी घरातल्या कपाटाएवढाले दगड. कॅप्टन पलीकडे चढला, आमचा वर केलेला हात बघून पुढे निघाला आणि दिसेनासा झाला. आम्हीही आदळत, आपटत वर आलो. काठावर वाळलेलं एक वाकडं झाड होतं आणि तिथेच रस्त्याला फाटा फुटत होता. वरच्या डोंगरावर आभाळ काळं झालेलं होतं.

"इथे थांबायचं ना?" मालकीणबाईंनी विचारलं.

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मागे धुळीचा लोट होता आणि त्यात दोन दिवे.

"आलेच की दाजी! थांबलो तर पुढे घुसतील," म्हणाले आणि गिअर टाकला.

मित्रांनो, मी ओरडू शकत असतो तर तेव्हाच ओरडलो असतो. दोन्ही दिवे पिवळे होते.

पुढे सपाट कातळ लागला. धूळ संपली. ऊन स्वच्छ होतं. तरी माझ्यातले दिवे धुक्याआडून दिसावेत तसे मंद. आम्ही वेग वाढवला, ते तेवढ्याच अंतरावर. आम्ही हळू झालो, तेही हळू. वॉकीटॉकीवर नुसती खरखर होती.

"ताई बोलत का नाही?" मालकीणबाई म्हणाल्या.

"बडबडून बॅटरी संपवली असेल. तिची काय नवी सवय आहे?"

बाईंनी मान वळवून मागच्या काचेतून पाहिलं. बराच वेळ पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अहो, मागे कुणी नाहीये."

"काहीतरीच काय! आरशात आहेत की."

त्यांनी माझ्यात पाहिलं. मग पुन्हा मागे. मग पुन्हा माझ्यात. त्यांच्या ओठांचा रंग उडालेला मला दिसला. "दाजींचा एक दिवा पांढरा आहे ना हो?"

मालकांनी ब्रेक दाबला. माझ्यातले दिवेही थांबले. त्यांनी इंजिन बंद केलं. मागून कुठल्याही गाडीचा आवाज नव्हता. मोकळा कातळ आणि वारा. तेवढ्यात वॉकीटॉकीवर कॅप्टनचा आवाज आला, "अरे ये लवकर, झेंडा तुझाच! उन्हं चाललीत, फोटो हुकेल!"

मालकांचा हात किल्लीवर होता. मी त्यांचा चेहरा पाहिला आहे, म्हणून सांगतो: एवढं सगळं दिसत असूनही तो माणूस क्षणभर झेंड्याचाच विचार करत होता. मग डोंगराकडून गडगडल्यासारखा आवाज आला. आभाळातला नव्हे, जमिनीवरचा. त्यांनी गाडी वळवली.

आता माझ्यात उलटी बाजू यायला हवी होती, पठाराकडचा रिकामा रस्ता. आला, पण त्यावरही तेच दोन दिवे. या वेळी मात्र ते जवळ होते. अगदी पाठीला लागल्यासारखे. आम्ही हळू झालो की ते हळू होत नव्हते. कुणी हाकून न्यावं तसे आम्ही फाट्यापर्यंत आलो, आणि वाकड्या झाडाखाली पोचताच दिवे विझले.

ओढ्यात तांबडं पाणी भरत होतं. दाजींची गाडी दगडांत तिरकी अडकली होती. ताई टपावर. दाजी कमरेइतक्या पाण्यात गाडीला धरून उभे. बराच वेळ कुणी आलं नाही, तेव्हा मेहुणा हसेल या भीतीनं त्यांनी एकट्यानंच जॅक लावला होता. जॅक घसरला आणि पाऊल दगड नि चाकाच्या मध्ये सापडलं. मालकांनी खाली उतरून तिला पट्टा बांधला आणि काठावरून आमच्या गाडीनं ओढून धरली, मालकीणबाईंनी छातीइतक्या पाण्यात उतरून दाजींना सोडवलं आणि ताईला टपावरून उतरवलं. ते सगळे काठावर पडले, पट्टा तुटला आणि दाजींची गाडी त्यांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. जाताना तिचा पांढरा दिवा काही वेळ पाण्याखाली चालू होता.

ताई रडली नाही. भावाकडे बघत म्हणाली, "मजा बघत होतास का रे?"

"ताई, मी तर आत्ता..."

"किती हाका मारल्या तुला! तू या झाडाखालीच उभा होतास. दिवे लावून. दोन पिवळे दिवे, पाणी आलं तेव्हापासून. मी यांना सांगत होते, तो आहे वर, उतरेल आता. आणि तू आत्ता उतरलास."

मालकांनी तुटलेला पट्टा गुंडाळायला घेतला. सांगणार काय? मी इथे नव्हतोच, थांबलोच नव्हतो, हे?

इंजिनिअरच्या मागे राहिलेला तो माणूस चांगला की वाईट, मला ठाऊक नाही. पण मागे राहिलेल्याजवळ तोच एकटा थांबला होता.

मित्रांनो, मला पुसा, सरळ बसवा, पण माझ्या एकट्यावर विसंबू नका. फाट्यावर थांबा. खाली उतरा. मागच्याला हाक मारा आणि त्याची ओ येईपर्यंत पाऊल उचलू नका. शेवटची गाडी आली, की मगच तुम्ही आलात.

राहता राहिला हिशेब. झेंडा कुणालाच मिळाला नाही. कॅप्टननं तो घडी करून कपाटात टाकला. फोटो मात्र त्याला मिळाला, एकट्याचा. दाजी अजून थट्टा करतात, पण जिन्यावर दुखऱ्या पायानं पायरी-पायरीला थांबून. ताई भावाकडे येते, चहा घेते, आणि ज्याला जन्मभर अरे-तुरे केलं त्याला आता 'तुम्ही' म्हणते. मला काढून औषधांच्या दुकानात खालच्या खणात पालथं ठेवलं आहे. तिथे अंधार आहे, तरी मला दिसतं. पुढे गेलेल्यांना दोन्ही वेळा काहीतरी गाठायचं होतं आणि दोन्ही वेळा भरलं शेवटच्या गाडीनं. त्यातल्या पहिलीचं तर अजून भरून झालेलं नाही. तिचे दिवे चालूच आहेत.