शुद्ध नोंद

शासनाला घर दिसत नाही. त्याला घराची नोंद दिसते. नोंद उभी असली की घर उभे आहे असे मानले जाते, आणि नोंद आडवी झाली तर आतल्या माणसांसकट घर नाहीसे होते. बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्या पंचायत समितीत हे घडले तिच्या तालुक्याचे नाव इथे घेत नाही. घेतले तर उरलेल्या तालुक्यांना आपण निर्दोष सुटलो असे वाटेल.

त्या कार्यालयाच्या अभिलेख कक्षात संजीवनी नावाची कंत्राटी सहायक मे महिन्यातल्या एका शुक्रवारी जमिनीवर मांडी घालून बसली होती. समोर सुटलेला गठ्ठा होता, आणि हातातला कागद ती तिसऱ्यांदा वाचत होती.

कागद साधा होता. वहीतून फाडलेले रेघांचे पान. घरकुल योजनेचे सर्वेक्षण झाले तेव्हा शासनाचे ॲप गावोगाव नेटवर्कअभावी गुदमरले. म्हणून सर्वेक्षक माहिती आधी कागदावर उतरवून घेत आणि कागद तालुक्याला पाठवत. तिथे कोणीतरी ती संगणकात भरत असे. हर्षल नावाच्या सर्वेक्षकाने पळसजाई गावच्या कौशल्याबाईंच्या नावापुढे निळ्या शाईत लिहिले होते: ‘सोताचं धाबं, रस्त्याले लागून.’ संगणकात त्याच नावापुढे होते: ‘व्यवसाय: स्वतःचा ढाबा, रस्त्यालगत.’

धाबं म्हणजे लाकडी तुळयांवर काटक्या आणि त्यांवर पांढरी माती पसरून केलेल्या सपाट छपराचे घर, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ढाबा म्हणजे रस्त्याकडेचे हॉटेल, हे साऱ्या देशाला ठाऊक असते. धाब्यात राहणाऱ्याला किंवा बेघराला घरकुल मिळते. ढाबा चालवणाऱ्याला मिळत नाही. एका अक्षराच्या फरकाने साठी उलटलेली, वांगी आणि मेथी पिकवून आठवडी बाजारात विकणारी विधवा हॉटेलमालकीण झाली होती आणि पात्र यादीतून बाहेर फेकली गेली होती. आज चार वाजता तिच्या अपिलाची शेवटची सुनावणी होती. सहा वाजता यादी कायमची बंद होणार होती, आणि पुढचे सर्वेक्षण केव्हा, हे खुद्द सर्वेक्षण करणाऱ्यांनाही सांगता आले नसते.

संगणकात माहिती भरणारे ते ‘कोणीतरी’ म्हणजे संजीवनीच होती.

तिला ते पान भरतानाचा क्षण आठवला, आणि आठवला याचीच तिला अधिक लाज वाटली. ती स्वतः मोताळ्याकडची. पुण्यात वसतिगृहात तीन वर्षे राहून शिकली, आणि त्या तीन वर्षांत ‘मले’चे ‘मला’ करण्यापायी तिने जितके कष्ट घेतले तितके पदवीसाठीही घेतले नव्हते. हर्षलची अक्षरे समोर आली तेव्हा तिला त्यांची कीव आली होती. ‘सोताचं’ तिने ‘स्वतःचा’ केले, ‘रस्त्याले लागून’चे ‘रस्त्यालगत’ केले, आणि त्याच ओघात ‘धाबं’चेही शुद्धलेखन सुधारले. मग ढाबा हा व्यवसाय, म्हणून तो व्यवसायाच्या रकान्यात.

जुन्या पोथ्यांचे पाठ ताडून पाहणाऱ्यांना हा प्रकार परिचित आहे. अडाणी लेखनिक पोथी फारशी बिघडवत नाही. न कळलेले अक्षर तो जसेच्या तसे गिरवतो. बिघाड करतो तो सुशिक्षित लेखनिक, कारण तो दुरुस्ती करतो.

कौशल्याबाईंनी वर्षभरात तीन अर्ज केले होते. पहिल्याला उत्तर आले की संगणकातील छायाचित्रात मातीचे घर दिसत असले तरी त्यावरून ढाबा अन्यत्र नसल्याचे सिद्ध होत नाही. दुसऱ्याला उत्तर आले की ढाबा नसल्याचा ग्रामपंचायतीचा दाखला जोडावा. ग्रामपंचायतीने कळवले की सदर ढाब्याची नोंद दप्तरी नसल्याने त्याविषयी कोणताही दाखला देता येत नाही. असलेल्या गोष्टीचा दाखला मिळतो. नसलेली गोष्ट नोंदीतच नसते, मग तिच्या नसण्याला साक्ष कोणाची? हा प्रश्न तर्कशास्त्राच्या पंडितांना शतकभर पुरला असता. पंचायत समितीने तो तिसऱ्या अर्जावर ‘अर्ज निकाली’ या दोन शब्दांत सोडवला.

कक्षाच्या दारात सावली पडली. वामनराव आत आले. हे कार्यालयाचे अधीक्षक, मूळचे दुसरबीडचे. सर्वेक्षणाच्या प्रत्येक नोंदीची शंभर टक्के पडताळणी झाल्याचे प्रमाणपत्र त्यांच्या सहीचे होते. पडताळणी अर्थातच झाली नव्हती, सही मात्र शंभर टक्के होती.

“काय शोधून राह्यली व संजीवनी?”

तिने कागद पुढे केला. वामनरावांनी चष्मा कपाळावर चढवून तो वाचला, दोनदा वाचला, आणि दार लोटून घेतले.

“हा गठ्ठा आज नष्ट करायच्या यादीत हाय ना?”

“हो. पण अजून काढलेला नाही.”

“मंग काढ ना बाई! हे कच्चे कागद. कच्चा कागद म्हणजे रेकॉर्ड नाही. रेकॉर्ड म्हणजे काम्पुटर.”

“साहेब, बाईंचं घर जाईल.”

“आन् हा कागद बीडीओ मॅडमसमोर गेला तं काय जाईन, सांगू? त्या इचारतीन, टाइप कोणं केलं. तू. तुह्यं कंत्राट पुढच्या महिन्यात संपते. मंग इचारतीन, पडताळणी कोणाची. मी. मंग म्हणतीन, एक चूक हाय तं बाकीच्या चारशे बारा नोंदी कायच्यावरून बरोबर? साऱ्या गावाची यादी थांबन. एका बुढीपायी चारशे लोकाईचे घरं अडवतं काऊन?”

ते गेल्यावरही त्यांचे वाक्य खोलीत राहिले. धमकी असती तर तिला राग आला असता. पण हा युक्तिवाद होता, आणि त्यात खोटे काही सापडत नव्हते. संजीवनीने जेवणाचा डबा उघडलाच नाही. तिने कागद गठ्ठ्यात ठेवला, गाठ मारली, गाठ सोडली, कागद पुन्हा काढला. पावणेचार वाजता तो घडी घालून अपिलाच्या फायलीत सरकवला. बाहेर काढायचा की नाही हे तिने अजून ठरवले नव्हते.

सुनावणी गटविकास अधिकाऱ्यांच्या दालनात होती. प्रेरणा मॅडम रत्नागिरीकडच्या, इथे येऊन चार महिने झालेल्या. काटेकोर, आवाज न चढवणाऱ्या. कौशल्याबाई खुर्ची असूनही उभ्या होत्या. हातात पिशवी, पिशवीत आजवरची सारी उत्तरे.

“बसा,” मॅडम म्हणाल्या. “तुमचा ढाबा केव्हापासून आहे?”

“माह्या सासऱ्यानं बांधला, मॅडम. पन्नास-साठ वर्षं झाले.”

मॅडमनी वामनरावांकडे पाहिले. बाई स्वतःच कबूल करत होत्या. संजीवनी संगणकापाशी अपिलाची फाइल मांडीवर घेऊन बसली होती.

“त्यात काय काय आहे?”

“काय राह्यते? चूल हाय, एक खाट हाय. गेल्या पावसात अर्धं धाबं खाली आलं. आता अर्ध्यात मी राह्यतो आन् अर्ध्यात आभाय.”

“म्हणजे सध्या धंदा बंद आहे?”

कौशल्याबाई हसल्या, दुसरे काय करणार? “कोणता धंदा व बाई? धाब्याचा काय धंदा राह्यते?”

मॅडमचे पेन थांबले. “तुम्ही काय म्हणालात? धाबं? वामनराव, धाबं म्हणजे?”

आता त्या दालनात त्या शब्दाचा अर्थ ठाऊक असलेली तीन माणसे होती. त्यांपैकी एकीच्या अर्थाला किंमत नव्हती, कारण ती अर्जदार होती. वामनराव दुसरबीडला अशाच मातीच्या छपराखाली वाढले होते. पावसाळ्यापूर्वी डोक्यावर माती वाहून त्यांनी ते छप्पर स्वतः शाकारले होते. त्यांनी घसा साफ केला.

“गावाकडच्या बोलीत ढाब्यालाच धाबं म्हणतात, मॅडम. उच्चाराचा फरक.”

कौशल्याबाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. “अवो भाऊ,” त्या हळूच म्हणाल्या, “तुमी कोठचे?”

वामनराव हातातली दुसरीच फाइल चाळू लागले. मॅडम लिहू लागल्या. ‘अर्जदाराने ढाबा असल्याचे मान्य केले असून’ इतके लिहून झाले तेव्हा संजीवनी उभी राहिली. ठरवून नव्हे, पाय आधी उठले.

“मॅडम, ते खरं नाही.”

“काय खरं नाही?”

“धाबं म्हणजे हॉटेल नाही. मातीच्या छताचं घर. कच्चं घर.” तिने कागद उलगडून टेबलावर ठेवला. “हा सर्वेक्षणाचा मूळ कागद. यात घर लिहिलंय. संगणकात हॉटेल झालं.”

मॅडमनी कागद वाचला, स्क्रीन पाहिली, पुन्हा कागद वाचला. “हे भरलं कोणी?”

पुण्यात तीन वर्षे घोटलेली भाषा ऐन वेळी तिला सोडून गेली. “म्या भरलं, मॅडम.”

“संजीवनी, इचार करून बोल,” वामनराव म्हणाले.

“केला साहेब, सकायपासून तेच करून राह्यली. तुमी तं धाब्याखाली वाढले ना? मी पण धाब्याखालीच वाढली. मले तो शब्द गावंढळ वाटला म्हून म्या तो बदलवला.”

मॅडमनी लिहिलेली ओळ आडव्या रेघेने खोडली, खोडलेल्या जागी लघुसही केली आणि कागद संजीवनीकडे सरकवला. “मागे लिहा. मूळ अभिलेखाशी ताडून पाहिले, संगणकातील नोंद चुकीची, चूक माझी. सही, तारीख. तुमच्या खुलाशाचं सोमवारी पाहू. वामनराव, तुमच्या प्रमाणपत्राचंही.” आणि त्याच स्वरात: “हा शब्द आणखी किती ठिकाणी आहे?”

संजीवनीने संगणकात शोध घेतला. ढाबे सात, कौशल्याबाईंचा धरून, सगळे पळसजाईत.

“सात?” कौशल्याबाई म्हणाल्या. “आमच्या गावात एक चहाची टपरी चालत नाही धड!”

पावणेपाच झाले होते. मॅडमचा आदेश असा: प्रत्येक नावाचा मूळ कागद समोर असेल तरच दुरुस्ती, सहानंतर कोणाचेही काही होणार नाही. गठ्ठा दालनात आणला गेला. गाव लिहिलेले नसल्याने पाने सरमिसळ झाली होती. संजीवनी पाने उलटत होती आणि कौशल्याबाई, ज्यांचे काम झाले होते आणि ज्यांची शेवटची बस साडेपाचची होती, बाजूला बसून राहिल्या.

“इंद्रभान...”

“त्याचा खराच ढाबा हाय. फाट्यावर. काप त्याले, लई माजला तो.”

कागदावर ‘ढाब्याचं हाटेल, फाट्यावर’ असेच होते. नोंद तशीच राहिली.

“मंजुळाबाई.”

“धाबं. माह्या घराले लागून.”

कागद सापडायला बारा मिनिटे लागली. धाबं. मग आणखी एक धाबं, मग आणखी एक. साडेपाचची बस फाटकाबाहेर हॉर्न देऊन गेली. कौशल्याबाईंनी खिडकीकडे पाहिलेसुद्धा नाही. वामनराव कोपऱ्यात उभे होते. मग ते खाली बसले आणि उरलेल्या पानांतला अर्धा ढीग स्वतःपुढे ओढून उलटू लागले. सहावा कागद त्यांनाच सापडला.

सहाला सात मिनिटे उरली असताना शेवटचे पान हाती आले. सिंधूताई. ‘सोताचं धाबं, एकच खण.’

“हेही धाबं,” संजीवनी म्हणाली आणि बोटे कळांवर ठेवली.

कौशल्याबाईंनी तिचा हात धरला.

“काऊन वो मावशी?”

“ते धाबं पडलं ना गेल्या साली. पुरंच. सिंधूताई आता लेकीच्या दारात, ओसरीत निजते.” त्या क्षणभर थांबल्या. “कागद तं जुना हाय. आता तू काय लिहितं?”

संजीवनीने मॅडमकडे पाहिले. मॅडमनी घड्याळाकडे पाहिले, मग कागदाकडे, मग कौशल्याबाईंकडे. “यांचा जबाब घ्या,” त्या म्हणाल्या. “कागदाला जोडा. मी सही करते. लवकर.”

वामनरावांनी कोरा कागद ओढला आणि जबाब लिहायला घेतला. बाई बोलतील तसा, शब्द न बदलता. संजीवनीने व्यवसायाचा रकाना रिकामा केला. घराच्या रकान्यात तिने ‘बेघर’ ही तीन अक्षरे भरली, आणि कळ दाबण्याआधी ती एकेक करून पुन्हा वाचली.